जुन्या डीप फ्रीझरचा घरगुती बिअर-नळ: भोक कुठे पाडायचे आणि फेस का येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी एक जुना एकदारी फ्रीज आणि बंद झालेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला सुमारे २०० लिटरचा डीप फ्रीझर पडून आहे. परदेशातले हौशी लोक घरी केलेली बिअर गार ठेवून थेट नळातून ग्लासात घेता येईल असे यंत्र बनवतात, तसे तुम्हाला करायचे आहे. दोहोंपैकी कोणता घ्यावा, भोक कुठे पाडावे, गॅसचे सिलिंडर आत ठेवावे की बाहेर, आणि तुमच्या मित्राच्या यंत्रातून ग्लासभर नुसता फेसच का येतो, असे तुम्ही विचारले आहे. शिवाजी उद्यमनगरात गेली बावीस वर्षे मी रेफ्रिजरेशनचे काम करतो आणि त्यात सोड्याची यंत्रे, हॉटेलांतले ड्राफ्ट बिअरचे कूलर आणि दूध थंड करण्याच्या टाक्या असे सगळेच येते. त्या अनुभवावरून सांगायचे तर तुमचा चौथा प्रश्नच खरा प्रश्न आहे आणि पहिल्या तिन्हींची उत्तरे त्याच्या पोटात आहेत.

आधी कायद्याचे बोलून घेऊ, कारण ते न बोलता पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे, मग ते स्वतःपुरते दहा लिटर का असेना, १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ साली उठली आणि अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने अशी मोकळीक दिली. तुम्ही पाहिलेले व्हिडिओ तिकडचे आहेत. माझ्या घरी हेच यंत्र आहे, पण त्यात एका पिंपात साधा सोडा आणि दुसऱ्यात आले-लिंबाचे सरबत असते. केगमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या या पिंपात, काय भरले आहे हे यंत्राला कळत नाही. दाब तेवढा बदलतो. त्यामुळे खाली मी बिअरचेच आकडे देतो आणि सोड्याचा फरक जिथल्या तिथे सांगतो. काय भरायचे हा निर्णय कायदा पाहून तुम्ही घ्यावा.

आता मूळ मुद्दा. नळ बसवलेला फ्रीज ही कल्पनाच थोडी दिशाभूल करते, कारण ऐकणाऱ्याला वाटते की गार करणे हे काम आहे आणि नळ ही वरची सजावट आहे. प्रत्यक्षात केगपासून नळाच्या तोंडापर्यंत ही एकच बंद व्यवस्था असते आणि तिच्यात तापमान, गॅसचा दाब आणि नळीचा अडथळा या तीन गोष्टी एकमेकींना तोलून धरतात. द्रव जितका गार तितका कार्बन डायऑक्साइड त्यात अधिक विरघळून राहतो. वाटेत कुठेही तो तापला किंवा दाब एकदम उतरला की विरघळलेला गॅस बाहेर पडतो आणि ग्लासात फेस येतो. ४ अंश सेल्सिअसला साधारण २.५ आकारमान गॅस, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस, टिकवायला सुमारे १२ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब पुरतो. तीच बिअर १० अंशांवर असेल तर १७ ते १८ पीएसआय लागतो. हे तक्ते समुद्रसपाटीचे असतात. कोल्हापूर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे आणि इथला हवेचा दाब जवळजवळ १ पीएसआयने कमी आहे, म्हणून दाबाच्या घड्याळावर आपण १२ ऐवजी १३ ठेवावा. फरक लहान आहे. पण मुळात कोणत्या आकड्याच्या आसपास असायला हवे तेच ठाऊक नसेल तर माणूस अंदाजाने चावी फिरवत राहतो.

तुमच्या मित्राने नेमके हेच केले असावे असा माझा कयास आहे. फेस आला म्हणून त्याने दाब कमी केला असेल, आणि पहिल्या दिवशी बरे वाटलेही असेल. पण दाब कमी ठेवला की केगमधल्या बिअरमधून आणि नळीतून गॅस सुटू लागतो, नळीत बुडबुड्यांचे तुकडे तयार होतात आणि दोन दिवसांनी फेस आधीपेक्षा वाढतो. बिअर मात्र पाणचट होत जाते. बारमधल्या कूलरच्या ज्या तक्रारी मी पाहिल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक अशाच निघाल्या. त्यामुळे दाब तापमानाप्रमाणे एकदा ठरवावा आणि मग त्याला हात लावू नये. फेस आवरायचा तो नळीच्या लांबीने.

फ्रीज की डीप फ्रीझर, याचे उत्तर मी डीप फ्रीझर असे देईन, आणि त्याचे पहिले कारण मापाचे आहे. सोड्याच्या धंद्यातून आलेला १९ लिटरचा बॉल-लॉक केग सुमारे ६४ सेंटिमीटर उंच आणि २२ सेंटिमीटर रुंद असतो, आणि वरच्या जोडण्यांसाठी आणखी आठ-दहा सेंटिमीटर मोकळे लागतात. एकदारी फ्रीजमध्ये वर बर्फाचा कप्पा असतो आणि मागे खाली कॉम्प्रेसरचा उंचवटा; कप्पा वाकवून जागा करायला गेलात तर त्याच्यातूनच गॅसची नळी फिरलेली असते, ती चिरते आणि फ्रीज कायमचा जातो. दुसरे कारण असे की फ्रीजचे दार उघडले की गार हवा पायावर सांडते. डीप फ्रीझरचे झाकण वर असल्याने ती आतच राहते.

भोकाबद्दल माझी एक चूक सांगतो, म्हणजे माझा सावधपणा तुम्हाला अतिरेकी वाटणार नाही. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या फ्रीजला बाजूच्या पत्र्यातून सोड्याची नळी काढून द्यायची होती. मागची जाळी दिसत नव्हती, म्हणजे कंडेन्सर, अर्थात उष्णता बाहेर टाकणारी गॅसची नळी, पत्र्याच्या आत दडलेला आहे, हे मला समजायला हवे होते. मी खडूने खूण केली आणि ड्रिल लावले. पत्रा गेला, फोम गेला, आणि मग ड्रिलच्या टोकापाशी बारीक ‘स्स्स’ असा आवाज सुरू झाला. तो थांबेपर्यंत आम्ही दोघेही काही न बोलता उभे होतो. तो जुना फ्रीज होता, त्यात आर-१३४ए गॅस होता, म्हणून नुकसान पैशांवर भागले. नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, असतो आणि तो ज्वलनशील आहे. ड्रिलची ठिणगी तिथे पडली असती तर मी हे उत्तर इतक्या निवांतपणे लिहीत नसतो.

डीप फ्रीझरच्या चारही भिंतींत नळ्या असू शकतात, म्हणून भिंतीला हात लावूच नये. झाकण काढून पेटीच्या काठावर लाकडाची चौकट बसवावी आणि झाकण बिजागरीसह त्या चौकटीवर आणावे. तिकडचे लोक हिला कॉलर म्हणतात. १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायची किंवा सागवानी फळीची, साधारण २० सेंटिमीटर उंचीची चौकट पुरते. तिने केगला वर मोकळी जागा मिळते आणि नळाची व सिलिंडरच्या नळीची सगळी भोके लाकडातच पडतात. आतल्या बाजूने थर्माकोलपेक्षा घट्ट असे एक्सपीएस इन्सुलेशन लावावे, सांधे सिलिकॉनने भरावेत आणि लाकडाला सर्व बाजूंनी पॉलिश किंवा रंग द्यावा. आपल्याकडे जूनपासून चार महिने हवेत जो ओलावा असतो, त्यात कच्ची फळी एकाच पावसाळ्यात फुगते आणि झाकणाचे रबर टेकेनासे होते. ही चौकट सिलिकॉनवरच बसवलेली असल्यामुळे उद्या फ्रीझर विकायचा झाला तर पात्याने कापून निघते, आणि घरच्यांना पटवायला हा मुद्दा उपयोगी पडतो.

तापमानासाठी मूळ थर्मोस्टॅटवर विसंबू नये. तुमचा फ्रीझर कन्व्हर्टिबल असेल तर त्यात कूलरची सोय असेल, तरी मी बाहेरून एसटीसी-१००० सारखा डिजिटल कंट्रोलर लावतो. त्यात तापमान ४ अंश, फरक १ अंश आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीची उसंत ५ मिनिटे ठेवावी. ही उसंत नसेल तर वीज जाऊन-येऊन होते तेव्हा कॉम्प्रेसर दाब उतरण्याआधीच जोर लावतो आणि जळतो. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नये, कारण झाकण उघडले की तो लगेच घाबरतो. केगच्या मधल्या उंचीवर चिकटपट्टीने बसवून वरून फोमचा तुकडा दाबावा, म्हणजे तो द्रवाचे तापमान सांगतो. आणि एक संगणकातला १२ व्होल्टचा पंखा तळाशी, वरच्या दिशेने तोंड करून ठेवावा. पंख्याशिवाय पेटीच्या तळाशी २ अंश आणि नळापाशी ७-८ अंश असे मी स्वतः थर्मामीटर धरून पाहिले आहे. पहिल्या ग्लासाचा फेस बहुतेक वेळा याच फरकातून येतो. पेटी धातूची आणि आत ओल, तेव्हा अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, लावा. त्याशिवाय मी कोणाचेही यंत्र चालू करून देत नाही.

पिंप गार व्हायला किती वेळ लागतो, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. १९ लिटर द्रव ३० अंशांवरून ४ अंशांवर आणायचा म्हणजे जवळजवळ २,१०० किलोज्यूल उष्णता काढायची. कागदावर लहान कॉम्प्रेसरला ते सहा तासांचे काम आहे. पण हवेतून पिंपाच्या पोटापर्यंत गारवा पोहोचायला वेळ लागतो, म्हणून एक दिवस-रात्र धरून चालावे. संध्याकाळी पाहुणे आणि सकाळी पिंप आत, असे केल्यास फेस येणारच.

गॅसच्या बाबतीत कोल्हापूरकरांना एक खास मोह होतो. उद्यमनगरात आणि शिरोलीत वेल्डिंगची इतकी कामे चालतात की कार्बन डायऑक्साइडचे रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधला दाब उतरवून देणारी झडप, कुणाच्याही मित्राकडे असतात. ते घेऊ नयेत. वेल्डिंगचा फ्लोमीटर असलेला रेग्युलेटर मिनिटाला किती लिटर गॅस जातो ते सांभाळतो. बंद पिंपातला दाब धरून ठेवणे हे त्याचे काम नाही, त्यामुळे पिंपात दाब चढत जाऊ शकतो. दोन घड्याळांचा, सुरक्षा झडप असलेला, पेयांसाठीचा रेग्युलेटर घ्यावा आणि त्याच्या पुढे उलट-प्रवाह रोखणारी झडप बसवावी, म्हणजे पेय मागे येऊन रेग्युलेटरमध्ये शिरत नाही. गॅसही खाद्यपदार्थांसाठीच्या दर्जाचाच असावा. आग विझवण्याचे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडरही वापरू नये, कारण त्याच्या आत तळापर्यंत नळी असते आणि वायूऐवजी द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये येतो. सिलिंडरवर दाबचाचणीची तारीख ठोकलेली असते. ती न वाचता भरून देणाऱ्याकडून गॅस घेऊ नये.

सिलिंडर आत की बाहेर, हे जागेवर अवलंबून आहे. आत ठेवले तर एक भोक वाचते, पण ४ अंशांवर सिलिंडरचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा ३९ बारपर्यंत (एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय) उतरतो आणि माणसाला वाटते गॅस संपला. बाहेर २० अंशांवर तोच ५७ बार दाखवतो. म्हणजे द्रवरूप गॅस शिल्लक असेपर्यंत ते घड्याळ तापमान सांगते, साठा सांगत नाही. साठा पाहायचा तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून वजन करावे. त्याचे रिकामे वजन मानेवर कोरलेले असते. मी सिलिंडर बाहेर, सावलीत, उभे आणि साखळीने बांधून ठेवतो. ३१ अंशांच्या वर हा गॅस द्रवरूपात राहूच शकत नाही आणि दाब झपाट्याने वाढतो, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत सिलिंडर ठेवण्याचा विचारही करू नये.

गळतीकडे लोक पैशांचे नुकसान म्हणून पाहतात, पण प्रश्न जिवाचा आहे. दोन किलो गॅस सुटला तर त्याचा साधारण १.१ घनमीटर वायू होतो. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच बंद खोलीत तो हवेच्या सुमारे ४ टक्के भरतो, आणि ३ टक्क्यांनाच डोके दुखू लागते व धाप लागते. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्या खोलीत कोणी खाली अंथरूण टाकून झोपत असेल तर यंत्र तिथे नको. माझ्याकडे एकदा रेग्युलेटरच्या सांध्यातला वायसर बसवायचा राहिला आणि भरलेले सिलिंडर रात्रीत रिकामे झाले. दुकानाचे शटर खालून हातभर उघडे होते म्हणून सकाळी फक्त चिडचिड झाली. तेव्हापासून मी प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावतो आणि त्यानंतर सिलिंडरची चावी बंद करून रात्रभर दाबाचा काटा पाहतो. बुडबुडा दिसला नाही पण काटा उतरला, असे कितीतरी वेळा होते. बहुधा केगच्या झाकणाचे रबर नीट बसलेले नसते. ३० पीएसआय दाब देऊन ते एकदा बसवून घ्यावे आणि मग दाब उतरवावा.

इथेच दुसऱ्या एका मोहाबद्दल सांगतो. आपण दुधाच्या जिल्ह्यात राहतो, स्टीलचे कॅन घरोघरी असतात, आणि त्याच्याच झाकणाला नळी जोडून पिंप करावे असे कुणालाही सुचते. कॅनचे तोंड १६ सेंटिमीटर धरा. १३ पीएसआय दाबाला त्या झाकणावर सुमारे १८० किलोंचा भार येतो, आणि सोड्याच्या ३० पीएसआयला चारशे किलोंच्या वर जातो. ती कडी त्यासाठी केलेली नाही. दाबाचा आकडा अंगावर ठोकलेला केगच वापरावा, जुना चालेल, फक्त सगळी रबरे नवी घालावीत.

आता नळीकडे येऊ, म्हणजे फेसाचा हिशोब पुरा होईल. १३ पीएसआयपैकी साधारण १ पीएसआय द्रव दोन फूट वर चढवण्यात जातो, एखादा नळापाशी शिल्लक हवा, आणि उरलेला ११ पीएसआय नळीच्या घर्षणाने खाल्ला पाहिजे. ५ मिलिमीटरच्या आसपास आतला व्यास असलेल्या मऊ नळीसाठी तक्त्यांतून एक-सव्वा मीटर लांबी निघते, पण घरच्या यंत्रावर ती मला कधीच पुरलेली नाही. मी ३ मीटरपासून सुरुवात करतो आणि धार फारच सावकाश वाटली तर वीतभर कापतो, कारण कापलेली नळी पुन्हा जोडता येत नाही. सोड्याला २५ ते ३० पीएसआय लागतो, तेव्हा लांबी दुपटीहून अधिक ठेवावी. मी त्यासाठी पाण्याच्या फिल्टरची पांढरी पाव इंची नळी वापरतो. ती खाद्यदर्जाची असते, आतून चार मिलिमीटरच्या आसपास असते आणि कोणत्याही फिल्टरच्या दुकानात मिळते. सगळी नळी पेटीच्या आतच गुंडाळून ठेवावी. वर उंच मनोऱ्यासारखा नळ शोभून दिसतो, पण पंख्याची हवा त्यात नेली नाही तर तो मनोरा म्हणजे तापलेली नळी. चौकटीतून सरळ बाहेर आलेला स्टीलचा नळ, ३०४ दर्जाचा, मला अधिक विश्वासाचा वाटतो. पितळेवर मुलामा दिलेले नळ दोन वर्षांत आतून उघडे पडतात.

एवढे करूनही फेस आला तर तो कधी येतो ते पाहावे. फक्त पहिल्या ग्लासाला येत असेल तर नळ आणि वरची हवा गरम आहे, पंखा तपासा. प्रत्येक ग्लासाला सारखाच येत असेल तर नळी आखूड आहे किंवा पिंप अजून आतून गार झालेले नाही. मध्येच फुरफुर होत असेल तर पेयाच्या जोडणीतले किंवा आतल्या उभ्या नळीचे रबर फाटून गॅस पेयात शिरतो आहे. नळ नेहमी पूर्ण उघडावा. स्वयंपाकघरातली तोटी अर्धवट उघडल्यावर पाणी कसे फिसकारते ते आठवा, तसेच इथे होते.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात: दर दोन आठवड्यांनी नळी आणि नळ सौम्य कॉस्टिकच्या द्रावणाने धुऊन भरपूर पाणी सोडावे, आणि तीन-चार महिन्यांनी एकदा आम्लाचे द्रावण फिरवावे, कारण बिअरमधून नळीत बसणारा कडक थर कॉस्टिकने निघत नाही. ही कामे हातमोजे आणि चष्मा घालूनच करावीत. दूध संकलन केंद्रावर काम केलेला माणूस ओळखीचा असेल तर त्याला विचारा. त्याचे रोजचे हेच काम आहे.

पैसे कमी असतील तर चौकटीचे लाकूड साधे घ्या, झाकण जुनेच ठेवा, पण रेग्युलेटर, नळ आणि विजेचे काम यांत काटकसर करू नका. आणि खरेदीला निघण्याआधी २३ सेंटिमीटर व्यासाच्या दोन पुठ्ठ्याच्या चकत्या कापून फ्रीझरच्या तळाशी, कॉम्प्रेसरचा उंचवटा सोडून, शेजारी शेजारी बसतात का ते पाहा. त्या बसल्या तर तळापासून काठापर्यंतची खोली आणि काठाची रुंदी मोजून मला कळवा; चौकटीची उंची किती ठेवायची ते त्यावरून सांगता येईल.